दोन किल्ल्या

संगणकावर काही काम करीत बसलो असता मधेच त्याचा पडदा एकाएकी काळवंडतो. अंगणात ऊन पडलेले असावे आणि अचानक वर ढग यावा, तसे काहीसे होते. लिहिलेला मजकूर, मागचे चित्र, कोपऱ्यातले घड्याळ, सारे सावलीत जाते आणि मधोमध एक चौकट तेवढी उजळ उरते. त्या चौकटीत एक प्रश्न असतो. अमुक एक प्रोग्रॅम तुमच्या संगणकात फेरफार करू पाहतो आहे. करू द्यायचा का? खाली दोन बटणे. एक ‘हो’चे, एक ‘नाही’चे. उत्तर दिल्यावाचून पुढे सरकता येत नाही.

ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांना ही चौकट ठाऊक असेलच. आणि तिचा कधी राग आला नाही असा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. मीही तिच्यावर सात वर्षे रागावलेला होतो. आता रागावत नाही. हा पालट कसा झाला ते सांगण्यासारखे आहे, जरी त्या सांगण्यात माझी फारशी शोभा नसली तरी.

२००७ साली मी बँकेतून निवृत्त झालो. निवृत्त माणसाला काही तरी नाद हवा, म्हणून पुढच्या वर्षी भाच्याने आग्रह करकरून मला संगणक घ्यायला लावला. त्याने तो मांडून दिला, दोन रविवार खर्ची घालून चालवायला शिकवला आणि तो आपल्या उद्योगाला निघून गेला. मी एकटाच त्या यंत्रासमोर उरलो. आणि मग त्या चौकटीची आणि माझी ओळख झाली.

पहिल्या पहिल्यांदा, खरे सांगायचे तर, मला मोठी मौज वाटली. बत्तीस वर्षे नोकरी केली, पण ‘आपली परवानगी आहे का?’ असे मला कुणी विचारल्याचे फारसे आठवत नाही. वरिष्ठ विचारीत नसत, कारण ते वरिष्ठ होते. घरी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आणि इथे हे एवढे शहाणे यंत्र दर पावलाला थांबून माझ्या तोंडाकडे पाहत होते! मी चष्मा सारखा करून प्रश्न पुन्हा एकदा वाची, किंचित विचार केल्यासारखे करी आणि मगच बटण दाबी. दरबारात अर्ज मंजूर करणाऱ्या संस्थानिकाला असेच वाटत असावे.

ही संस्थानिकी आठवडाभर टिकली. मग ध्यानात आले की, हा अर्जदार सकाळपासून रात्रीपर्यंत दारात उभाच आहे. छपाईचे यंत्र जोडायचे, विचारा. मराठी अक्षरांचा नवा ठसा घालायचा, विचारा. घड्याळ पाच मिनिटे मागे पडले म्हणून पुढे करू गेलो, तर पुन्हा अंधार आणि पुन्हा प्रश्न! माझ्या घरातल्या, माझ्या पैशाने घेतलेल्या घड्याळाचा काटा हलवायला मीच मला परवानगी द्यायची, हा काय प्रकार आहे? एकदा पडद्यावरचे एक निरुपयोगी चित्र मला केराच्या टोपलीत टाकायचे होते. त्यासाठी एका चौकटीने विचारले, नक्की टाकायचे का? ‘हो’ म्हटले. दुसरी म्हणाली, त्याला परवानगी लागेल. ‘देतो’ म्हटले. मग पडदा काळवंडला आणि तिसरी म्हणाली, परवानगी देणार ना? एवढ्यात सौभाग्यवती चहा घेऊन आल्या, तर मी पडद्याकडे पाहून मोठमोठ्याने बोलत होतो.

भाच्याला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, “मामा, सगळं जग चिडलंय. दाबा आणि पुढे जा.”

सगळे जग खरोखरच चिडले होते. ही चौकट ‘विंडोज व्हिस्टा’ या कार्यप्रणालीबरोबर आली. ती सामान्य ग्राहकांसाठी ३० जानेवारी २००७ रोजी बाजारात आली होती, आणि लगेच त्याच वर्षी प्रतिस्पर्धी कंपनीने तिची टर उडवणारी जाहिरात काढली. तीत काळा चष्मा घातलेला एक धिप्पाड रखवालदार बिचाऱ्या संगणकाच्या पाठीशी उभा राहून त्याच्या प्रत्येक वाक्याला अडवतो आणि ‘रद्द करू की होऊ देऊ?’ असे विचारतो. त्याने साधा नमस्कार घ्यायचा म्हटला तरी हाच प्रश्न. जाहिरात पाहून मी पोट धरधरून हसलो होतो. माझेच दुःख कुणी तरी परदेशात बसून मांडले होते.

पण या रखवालदाराला मुळात ठेवला कुणी आणि का, हे मी तेव्हा विचारले नाही. पुढे विचारावे लागले. तेव्हा जे समजले ते इथेच सांगून टाकतो.

घरगुती संगणकांवर पूर्वी असा रिवाज होता की, जो बसेल तो राजा. २००१ साली आलेल्या ‘एक्सपी’तदेखील घरोघरचा मनुष्य आपल्या यंत्राचा सर्वाधिकारी म्हणूनच वावरत असे. सोय होती. पण त्यात एक गोम होती: सर्वाधिकाऱ्याच्या नावाने जे जे चालते, त्या सर्वांनाही सर्वाधिकार मिळतात. तुम्ही एखादे पत्र उघडले आणि त्यात वाटमाऱ्या दडलेला असला, तर तोही राजाच्या मुद्रेनेच हिंडू लागतो. त्याआधीच्या वर्षी, मे २००० मध्ये, फिलिपाइन्समधून निघालेले एक ‘प्रेमपत्र’ असेच जगभर फिरले होते. पत्रावर प्रेमाचा मजकूर, आत विषारी प्रोग्रॅम. लोकांनी ते हौसेने उघडले आणि त्याने त्यांच्याच ओळखीच्या माणसांना त्यांच्याच नावाने तशीच पत्रे धाडली.

अशा अनुभवांनंतर व्हिस्टाच्या कर्त्यांनी युक्ती काढली ती मोठी नामी होती. मनुष्य सर्वाधिकारी म्हणून आत आला, तरी यंत्र त्याच्यासाठी दोन ओळखपत्रे तयार करते. एक साधे, एक सर्वाधिकाराचे. रोजचा सारा व्यवहार साध्या ओळखपत्रावर चालतो. दुसरे पेटीत असते. ते बाहेर काढायची वेळ आली, म्हणजे पडदा काळवंडतो. हे काळवंडणेही शोभेचे नाही. त्या क्षणी मागचे सारे दृश्य म्हणजे नुसता एक फोटो असतो. प्रश्नाची चौकट निराळ्याच दालनात मांडलेली असते, जिथे इतर प्रोग्रॅमांना प्रवेश नाही. नाही तर चोरानेच ‘हो’चे बटण दाबून घेतले असते!

आता यातली खरी मौज पाहा. एप्रिल २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत, ही चौकट घडवणाऱ्यांपैकी एक अधिकारी डेव्हिड क्रॉस यांनी सरळ सांगून टाकले की, लोकांना त्रास व्हावा म्हणूनच आम्ही ही चौकट घातली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना एक आळशी सवय जडली होती; गरज असो वा नसो, सर्वाधिकार मागून ठेवायचा. त्यांना कितीही समजावले तरी ते ऐकेनात. तेव्हा गिऱ्हाइकांना सतावले, म्हणजे गिऱ्हाइके त्या प्रोग्रॅमवाल्यांना सतावतील, असा हा हिशेब होता. आणि तो चुकला नाही. कंपनीनेच २००८ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे, असा प्रश्न उभा करणाऱ्या निरनिराळ्या प्रोग्रॅमांची आणि कामांची संख्या वर्षभरात सुमारे ७ लाख ७५ हजारांवरून १ लाख ६८ हजारांवर उतरली. म्हणजे माझ्या दिवाणखान्यात मी काढलेले ओरडे अगदीच वाया गेले नव्हते म्हणायचे.

पण त्याच माहितीत आणखी एक आकडा होता. दहापैकी जवळजवळ नऊ प्रश्नांना लोक ‘हो’ म्हणत होते. त्या नवांतला एक मी.

आता थोडे बँकेविषयी सांगायला हवे.

बँकेच्या तिजोरीच्या खोलीला दोन कुलपे असतात, किंवा एकाच कुलपाला दोन किल्ल्या लागतात. एक किल्ली मॅनेजरकडे आणि एक हेड कॅशियरकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. एकोणीस वर्षे त्यातली एक किल्ली माझ्याकडे होती. रजेवर जायचे, तर ती रजिस्टरवर सह्या करून रीतसर दुसऱ्याच्या स्वाधीन करायची. एकाने दोन्ही किल्ल्या बाळगायच्या नाहीत. चहा पिऊन येईपर्यंतसुद्धा नाही. मला या रिवाजाचा एवढा अभिमान होता की, सुटीच्या दिवशीही माझा हात मधूनमधून खिशाकडे जाई.

एकदा भर पावसाळ्यात पेन्शनच्या दिवशी आमचे साहेब वाटेत अडकले. ओढ्याला पूर आला होता. त्यांनी शिपायाबरोबर बंद लिफाफ्यातून आपली किल्ली आणि चार ओळींची चिठ्ठी पाठवली: लोक खोळंबले असतील, उघडून घ्या. बाहेर म्हाताऱ्यांची रांग लागलेली. कुणाच्या डोक्यावर गोणपाटाची खोळ, कुणाच्या हातात मोडकी छत्री. मी लिफाफा फोडला नाही. साहेब येईपर्यंत दीड तास ती रांग तशीच उभी होती. एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याने मला जे काही सुनावले ते या पानांवर लिहिता येण्यासारखे नाही. साहेब आले, लिफाफा मिटलेलाच पाहिला, एक शब्दही बोलले नाहीत. पण त्यांनी पुन्हा कधी किल्ली धाडली नाही. पुढे कित्येक वर्षे ही हकीकत मी लोकांना सांगत असे, आणि दर वेळी रांग थोडी लांब होत असे.

तर सांगायचे काय, की त्या भिजलेल्या म्हाताऱ्यांना दीड तास ताटकळत ठेवणारा मी, घरी आल्यावर दीड सेकंद थांबायला तयार नव्हतो. बँकेतली अडवणूक हे कर्तव्य होते आणि पडद्यावरची अडवणूक हा उपद्रव! दोन्ही एकाच जातीच्या आहेत हे मला सुचलेदेखील नाही. आणि हे काही माझे ओढूनताणून आणलेले साम्य नव्हे. संगणकातल्या मालाची राखण कशी करावी याची आठ सूत्रे सॉल्टझर आणि श्रोडर या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७५ साली एका लेखात मांडली. ज्याला जेवढ्या कामापुरता अधिकार हवा तेवढाच द्यावा, हे त्यातले एक. महत्त्वाच्या कुलपाला दोन किल्ल्या असाव्यात, हे दुसरे. आणि तिथे त्यांनी दाखला दिला आहे तो बँकेच्या लॉकरचाच! आठवे सूत्र मला फार आवडले. राखणीची रीत माणसाला सहज पाळता येईल अशी असावी, नाही तर तो ती धड पाळणार नाही. एवढे थोर लोक, पण शेवटी त्यांना माझ्यासारख्याची धास्ती होतीच.

कारण माणसाचे बोट फार लवकर शिकते. वर्षभरात माझ्या बोटाने ती कला आत्मसात केली. पडदा काळवंडायला लागायचा अवकाश, बोट ‘हो’वर जाऊन पडे. डोळ्यांना त्याची दखलही नसे. भाच्याने सुचवले होते की प्रश्न कमी करता येतात. २००९ साली आलेल्या पुढच्या आवृत्तीत त्यासाठी चार पायऱ्यांची पट्टीच दिली होती. मी म्हटले, कशाला? आता त्रास कुठे होतो? आणि खरेच होत नव्हता. २०१५ साली अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसांच्या मेंदूची चित्रे घेऊन पाहिले, तेव्हा असे दिसले की धोक्याची तीच सूचना दुसऱ्यांदा समोर आली, की मेंदूतला पाहण्याचा भाग तिच्याकडे पुष्कळच कमी लक्ष देतो. पुढे पुढे आणखी कमी. दुसऱ्यांदाच! मग शंभराव्या वेळेची काय कथा?

आपल्याकडे हे शास्त्रज्ञांना विचारायला नको. लग्नमंडपात प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी भटजी खणखणीत आवाजात ‘सावधान’ म्हणतात. मी आजवर शेकडो लग्ने जेवलो असेन. तो शब्द कानी पडला की आपण अक्षता टाकतो आणि पंगत कुठे मांडली आहे ते पाहतो. सावध कुणीच होत नाही. जांबचा नारायण तेवढा तो शब्द ऐकून बोहल्यावरून पळाला आणि पुढे समर्थ झाला, असे सांगतात. ही कथा मला लहानपणी वैराग्याची वाटे. आता वाटते, ती नुसती ऐकण्याचीही आहे. सगळ्या मांडवात एका मुलाने तो शब्द ऐकला.

मी काही तो मुलगा नव्हतो.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, सांगलीला राहत असे. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे दिवाणजी होते. त्यांच्या हाताखाली दादा वाढला. मी कळता होईपर्यंत वडील थकले होते. तेव्हा आमच्या घराचे जे जुने वैभव, जुनी भांडणे, जुनी माणसे, ती सारी दादाच्याच जवळ होती. त्याने ती वह्यांतून लिहूनही ठेवली होती. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी घरात शिरले, आणि त्या वह्यांचा लगदा झाला. दादाने तो लगदा उन्हात वाळवून पाहिला. एकही पान सुटे झाले नाही.

पुढे २०१२ आणि २०१३ च्या हिवाळ्यात तो आमच्याकडे पुण्याला येऊन राहिला. दुपारी जेवण झाले की आरामखुर्चीत बसून सांगे, आणि मी संगणकावर लिहून घेई. दोन हिवाळ्यांत एकशे चाळीस पाने झाली. त्याला मोठ्या अक्षरांत छापून दिली की तो पेन्सिलीने दुरुस्त्या करी. अशी बासष्ट पाने छापून झाली. उरलेली ‘पुढच्या खेपेला’ म्हणून राहिली. २०१४ च्या जूनमध्ये दादा गेला.

त्या उरलेल्या पानांत हरिपूरच्या पेवांचे एक प्रकरण होते. हरिपूर हे सांगलीजवळचे गाव. तिथे जमिनीत खोल पेवे खणून हळद साठवीत. वर्षानुवर्षे हळद त्यात टिकते, कारण आत वारा नाही. पण त्यामुळेच पेव उघडल्या उघडल्या माणसाने आत उतरणे म्हणजे मरणाला हाक. वडिलांबरोबर दादा सहा-सात वर्षांचा असताना तिथे गेला होता. पेव उघडून किती वेळ झाला तरी हमाल उतरेना. पोराला कंटाळा आला. तो म्हणाला, “उतरा ना आता!” तेव्हा त्या हमालाने पेटता कंदील दोरीला बांधून हळूहळू आत सोडला आणि म्हणाला, “थांब पोरा, आधी दिव्याला इचारू दे.” कंदील विझला नाही, तेव्हा तो उतरला. हे सांगताना दादा स्वतःच त्या दोरीसारखा हात खाली खाली सोडीत असे.

२०१५ सालच्या पावसाळ्यात एका दुपारी मला एक पत्र आले. कुठल्याशा टपालाची पावती जोडलेली होती. मी काही मागवले नव्हते. पण भाच्याने पाठवले असेल, अशी स्वतःची समजूत घालून मी ती उघडली. काहीच दिसले नाही. मी दुसऱ्या कामाला लागलो. थोड्या वेळाने पडदा काळवंडला. का कोण जाणे, त्या दिवशी माझे बोट ‘नाही’वर पडले, बहुधा मी ओळीच्या मध्यावर होतो आणि वैतागलो होतो. चौकट गेली आणि लगेच परत आली. पुन्हा ‘नाही’. पुन्हा आली. दारावर एखादा भिकारी हटून बसावा तशी ती हटेना. चौकटीत नावही कुणा परक्याचे नव्हते. यंत्राच्या घरातल्याच एका जुन्या गड्याचे होते. चौथ्यांदा की पाचव्यांदा मी तोंडाने काही तरी पुटपुटलो आणि ‘हो’ दाबले.

चौकट गेली. पडदा उजळला. मला बरे वाटले.

संध्याकाळी पाहतो तो माझ्या सगळ्या कागदांची नावे बदललेली. एकही उघडेना. उघडली ती फक्त एक चिठ्ठी; इतके पैसे अमुक मार्गाने पाठवा म्हणजे कागद परत मिळतील. मी पैसे पाठवले नाहीत. चोराला पैसे देऊन चोरीचा माल परत आणायचा, हे एकोणीस वर्षे किल्ली सांभाळलेल्या हाताला जमले नाही. ते शहाणपण होते की हट्ट होता, ते अजून मला ठरवता आलेले नाही.

भाचा रात्री आला. मी त्याला सगळी हकीकत सांगितली. तो बराच वेळ खटपट करीत होता. मग त्याने जे समजावून सांगितले ते ऐकून मी सुन्न झालो. ते कागद माझे स्वतःचे होते, म्हणून त्यांना कुलूप ठोकायला त्या चोराला सर्वाधिकाराची गरजच नव्हती. तेवढे काम त्याने मला न विचारता केव्हाच सुरू केले होते. चौकट विचारीत होती ते दुसरेच. यंत्र आपल्या परीने कागदांच्या जुन्या प्रती एका बाजूला जपून ठेवीत असे. त्या फेकून द्यायला मात्र परवानगी लागत होती. चोराला तेवढीच हवी होती, म्हणून तो पुन्हा पुन्हा विचारीत होता. मी ‘नाही’ म्हणत राहिलो असतो, तर त्या प्रतींतून दादाची पाने परत मिळण्याचा संभव होता.

“दुसरीकडे एक प्रत काढून ठेवा म्हटलं होतं, मामा,” तो म्हणाला. म्हटले होते खरे. मीही ‘हो’ म्हटले होते.

बासष्ट पाने कपाटात आहेत. दादाच्या पेन्सिलीच्या खुणांसह. बाकीच्यांतले जे मला आठवले ते मी पुन्हा लिहून काढले. अकरा पाने झाली. पेवाचा प्रसंग त्यात आहे, पण तो माझ्या शब्दांत आहे. त्या हमालाचे नाव दादाने सांगितले होते. ते मला आठवत नाही.

किती तरी दिवस मी मनाशी खटला चालवीत होतो. प्रश्न विचारणाऱ्याचा दोष किती आणि उत्तर देणाऱ्याचा किती? सकाळपासून घड्याळाच्या काट्यासाठी आणि केराच्या चित्रासाठी ज्या आवाजात विचारले, त्याच आवाजात दादाच्या पानांसाठी विचारले, यात काही अन्याय नाही का? आहे. हमालाने दर पावलाला कंदील सोडला असता, तर त्या कंदिलाकडे कुणी पाहिले नसते. हे सगळे खरे आहे. पण माझा हात खिशाशी जाई आणि मला दुसरेच काही तरी जाणवे. बँकेत त्या दोन किल्ल्यांना किंमत होती, कारण त्या दोन माणसांकडे होत्या. साहेबांना घाई असली तर मला नसे. मला कंटाळा आला तर साहेबांना आलेला नसे. घरी यंत्राने मला दोन ओळखपत्रे दिली होती खरी, पण ती दोन्ही माझ्याच खिशात होती. ज्याने चूक करायची त्यालाच विचारायचे, की चूक करू का? तो ‘हो’ म्हणणार नाही तर काय! लिफाफा फोडून दोन्ही किल्ल्या एका हातात घेण्याचे जे काम मी त्या पावसात केले नव्हते, ते घरी रोज करीत होतो.

उपाय सोपा निघाला. संगणकात मनुष्याला साधा रहिवासी म्हणून राहता येते आणि सर्वाधिकार दुसऱ्या नावावर ठेवता येतो. मग चौकट आली की नुसते ‘हो’ चालत नाही. त्या दुसऱ्या माणसाचा परवलीचा शब्द लागतो. म्हणजे त्या माणसाने उठून यायला हवे. हे मी भाच्याकडून करून घेतले, आणि परवलीचा शब्द सौभाग्यवतींच्या स्वाधीन केला. तो मला ठाऊक नाही. एकदा तो त्यांच्या माहेरच्या गायीचे नाव असावा असा मला संशय आला होता. मी घालून पाहिले नाही.

प्रथम त्यांना वाटले मी थट्टाच करतो आहे. “मला त्यातलं काय कळतं?” त्या म्हणाल्या. मी म्हटले, “अगं, म्हणूनच.” त्यांना संगणकातले काही कळत नाही, पण दार वाजले तर आधी साखळी लावून पाहायचे, हे त्यांना चाळीस वर्षे कळते. आणि मुख्य म्हणजे त्या कशाच्या घाईत नसतात. घाई असते ती मला.

तेव्हापासून दोनदा संगणक बदलला, आवृत्त्या बदलल्या. चौकट तीच आहे. महिन्यातून चारदोन वेळा येते. मी हाक मारतो, आणि हातातले काम टाकून त्या आल्या की माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहतात.

परवा दिवाळीच्या चकल्या चालल्या होत्या. पडदा काळवंडला. मी हाक मारली. हाताला भाजणीचे पीठ तसेच घेऊन त्या आल्या.

“कोण आहे?”

“छपाईच्या यंत्राचं काही तरी आहे.”

“काही तरी म्हणजे?”

मी चौकटीतले नाव वाचून दाखवले. ते वाचताना माझ्या ध्यानात आले की, नाव मी पहिल्यांदाच वाचतो आहे.

“आपण बोलावलं होतं का त्याला?”

“नाही, आपणहून आलंय.”

“मग आत्ता नको. खरं काम असेल तर येईल पुन्हा.”

मी ‘नाही’चे बटण दाबले. पडद्यावरचा ढग सरला, आणि त्या चकल्यांकडे गेल्या.